खुनी आधीच कळतो, मग पुढे वाचायचं कशासाठी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. गेल्या दोन वर्षांत तुम्ही साठेक रहस्यकादंबऱ्या वाचल्यात, काही इंग्रजीतून, बऱ्याचशा मराठी अनुवादातून. शंभराव्या पानाच्या आत खुनी कोण ते तुम्हाला कळतं आणि दहातल्या सहा-सात वेळा ते बरोबर निघतं. जिथे कळत नाही तिथे शेवट फसवणुकीचा वाटतो. मित्र डोक्यावर घेतात ती पुस्तकं तुम्ही अर्ध्यावर टाकता. आणि तुम्ही विचारलंय, 'हा प्रकार माझ्यापुरता संपला म्हणायचा, की मी निवडच चुकीची करतोय?' नाशिकला राहता, रात्री झोपण्याआधी अर्धा तास वाचता, हेही लिहिलंय. ते लिहिलंत हे बरं केलंत, त्याकडे पुढे येते.

मी डोंबिवलीत १९९४ पासून वाचनालय चालवते. महिन्याची वर्गणी, थोडी अनामत, एका वेळी दोन पुस्तकं. सकाळच्या गाडीला जाणारे लोक संध्याकाळी घरी जाताना पुस्तक बदलून नेतात आणि त्यातली निम्मी मागणी रहस्यकथांची असते. पुस्तक परत आलं की मी आधी त्याची कड बघते. मिटलेल्या पुस्तकाकडे कापलेल्या बाजूने पाहिलं तर हाताळलेली पानं मळकट दिसतात, न उघडलेली पांढरी राहतात. दोनशेव्या पानानंतर कड पांढरीच असेल तर बहुतेकांनी ते पुस्तक तिथेच सोडलंय, तोंडाने 'छान होतं' म्हणाले असले तरी. पुढे जे सांगते ते या कडा आणि माझं रजिस्टर बघत बनलेलं मत आहे.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. एक म्हणजे, तुम्ही खुनी ओळखता म्हणता तेव्हा नेमकं काय ओळखता? आणि दुसरी, प्रत्येक पुस्तकाला तुम्ही एकच प्रश्न विचारताय का?

आधी ओळखण्याचं बघू. समजा कादंबरीत सात माणसं आहेत. त्यातले एक शेजारी आहेत, सालस, सगळ्यांना मदत करणारे, खून झालेल्या घरी डबा पोचवणारे. कथेत त्यांचं काहीच काम नाही, तरी लेखक त्यांना दर तीस पानांनी आणतो. वीस पुस्तकं वाचलेला माणूस पन्नासाव्या पानावर म्हणतो, हेच ते. आणि बहुतेकदा तेच निघतात. पण इथे तुम्ही खुनी ओळखलेला नसतो, लेखकाची सवय ओळखलेली असते. बिनकामाचं पात्र लेखक उगाच पोसत नाही, हे तुम्हाला कळलेलं असतं. खून कसा झाला, दार आतून कसं लागलं, त्या वेळी ते शेजारी कुठे होते, यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नसतं. कथेच्या बाहेरून लावलेला हा अंदाज बरोबर निघाला तरी त्यातून फार आनंद मिळत नाही. कंटाळा येतो तो त्यामुळे, असं मला वाटतं.

हे पडताळून बघायला मी काही वर्षांपूर्वी एक गोष्ट सुरू केली. रजिस्टरशेजारी कोऱ्या चिठ्ठ्यांचा डबा ठेवला. रहस्यकादंबरी नेणाऱ्याला एक चिठ्ठी द्यायची. खुनी कळला असं वाटलं त्या क्षणी पान क्रमांक लिहायचा, नाव लिहायचं आणि खाली लिहायचं, 'कशावरून?' पुस्तक संपल्यावर ती मला वाचून दाखवायची. पान क्रमांक आणि नाव बहुतेक जण लिहून आणतात. 'कशावरून' ही ओळ मात्र कोरी असते, नाहीतर 'फारच चांगला वागतो' एवढंच असतं. एकदा बारावीतल्या एका मुलाने त्या ओळीखाली नऊ ओळी लिहून आणल्या. बासष्टाव्या पानावर मोलकरीण म्हणते की चहा नेला तेव्हा साहेब जागे होते, पण एक्क्याण्णवाव्या पानावर कप भरलेला आणि साय धरलेला सापडतो, मग चहा नेला केव्हा? त्याने लिहिलेलं नाव चुकीचं होतं. पण ते पुस्तक त्याने लगेच दुसऱ्यांदा नेलं. चुकूनही त्याला जे मिळालं ते तुम्हाला बरोबर येऊनही मिळत नाहीये, आणि तुमची अडचण नेमकी हीच आहे.

वाचकालाही दुव्यांवरून खुनी शोधता आला पाहिजे, हा लेखक-वाचकांतला करार विलायती रहस्यकथेच्या भरभराटीच्या काळात लेखकांनी स्वतःच लिहून काढला होता. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ मध्ये दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच येऊन गेलेला हवा. जगाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही. गुप्त वाट किंवा खोली एकाहून जास्त नको. जुळी भावंडं आणायची तर आधी सूचना हवी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गुप्तहेराला मिळालेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये अशा लेखकांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला, चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. सभासद होताना शपथ घ्यावी लागे की आमचा गुप्तहेर बुद्धीने शोध लावेल, दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने नाही. हे नियम पुढे कित्येकांनी मोडले आणि काहींनी फार सुंदर मोडले. तरी त्यामागची भावना मला आजही पटते. वाचकाने वेळ दिलाय, तर त्याला जिंकायची खरी संधी द्या.

म्हणून शेवट फसवणुकीचा वाटला तर रागवायच्या आधी पहिली पन्नास पानं पुन्हा चाळा. ॲगाथा ख्रिस्तींची १९२६ ची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' आली तेव्हा पुष्कळ वाचक चिडले होते, लेखिकेने डाव खेळताना लबाडी केली म्हणून. मीही पहिल्यांदा वाचून चिडले. मग दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन बसले. लेखिकेने कुठेही खोटं सांगितलेलं मला सापडलं नाही. मी घाईने वाचलं होतं आणि जे लिहिलंच नव्हतं ते मनाने भरून घेतलं होतं. दुसरं वाचन ही चांगल्या रहस्यकथेची खरी कसोटी आहे. वाईट पुस्तकात दुसऱ्यांदा गेलं तर दुवे सापडतच नाहीत, कारण ते ठेवलेलेच नसतात. शेवटच्या वीस पानांत एक सावत्र भाऊ परदेशातून उगवतो आणि सगळं त्याच्या अंगावर टाकून लेखक मोकळा होतो. तिथे तुमचा राग रास्त आहे.

ख्रिस्तींबद्दल आणखी एक सांगते. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्कीच्या इस्पितळातल्या औषधविभागात काम करत होत्या. १९२० साली आलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतला विषप्रयोग इतका अचूक होता की औषधशास्त्राच्या नियतकालिकाने त्याची दखल घेतली. त्यांच्या कथेत विष हे नुसतं मारायचं साधन नसतं. ते कुठे मिळतं, चव कशी लागते, परिणामाला किती वेळ लागतो, यावर वेळेचं सगळं गणित उभं असतं. तिथे 'कोण' याचं उत्तर 'कसं' मधून निघतं. तुम्ही 'कसं' वाचायचं सोडून थेट 'कोण' वर उडी मारता तेव्हा पुस्तकाचा अर्धा जीव वाया जातो.

आता दुसरी गोष्ट. मित्रांना आवडलेली आणि तुम्ही टाकलेली तीन पुस्तकं तुम्ही सांगितलीत. त्यातल्या दोनांत खुनी कोण हा प्रश्नच नाही. वाचकाला ते लवकरच कळावं अशीच लेखकाची इच्छा आहे. तुम्ही मात्र 'मला चाळिसाव्या पानावर कळलं' म्हणून ती नापास केलीत.

ही रीत आजची नाही. ऑस्टिन फ्रीमन नावाच्या लेखकाने, जो शिक्षणाने डॉक्टर होता, १९१२ च्या 'द सिंगिंग बोन' या संग्रहात कथा उलटी केली. आधी गुन्हा डोळ्यांदेखत घडतो, गुन्हेगार दिसतो, तो काय पुसतो आणि काय विसरतो तेही दिसतं. मग फ्रीमनचे गुप्तहेर डॉक्टर थॉर्नडाइक येतात आणि आपण बघत राहतो की यांना हे कळणार कसं. लेखकाने 'कोण' हातातून काढून घेतलं तरी उत्कंठा तशीच राहते. आपण गुन्हेगाराच्या डोळ्यांनी खोलीभर फिरतो आणि त्याने विसरलेली वस्तू आपल्याला टोचत राहते.

केइगो हिगाशिनो यांची २००५ ची जपानी कादंबरी 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' या बाबतीत मी सगळ्यांना देते. सुरुवातीलाच खून होतो, कोणी केला ते आपण पाहतो, शेजारचा गणिताचा शिक्षक मदतीला येतो तेही पाहतो. सगळं माहीत आहे असं वाटत असताना पुस्तक एक वेगळंच कोडं उलगडतं. त्याहून पुढे सांगत नाही. याच कादंबरीवर २०२३ मध्ये 'जाने जान' हा हिंदी चित्रपट आला. तुम्ही तो पाहिला नसेल तर आधी पुस्तक वाचा. आणि पॅट्रिशिया हायस्मिथ यांची १९५५ ची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' तर आपल्याला खुन्याच्या शेजारीच बसवते. दारावर थाप पडली की आपल्या पोटात खड्डा पडतो, आणि मग लक्षात येतं की हा सुटावा असं आपल्याला वाटतंय. ते वाटणं तपासायला लावणं हाच त्या कादंबरीचा विषय आहे. खुनी ओळखल्याचं श्रेय तिथे मागायला गेलात तर हातात काही उरत नाही.

आपल्याकडेही हे सगळं होतं, आणि याबद्दल थोडं लांबण लावते, कारण मला या विषयाची कळकळ आहे. बाबूराव अर्नाळकर, खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांच्या नायकांची नावं माझ्या वडिलांच्या पिढीला घरातल्या माणसांसारखी होती. आज कुणी ती हातात घेऊन म्हणतं, 'यात तर खलनायक पहिल्या प्रकरणातच कळतो.' कळतोच. झुंजारच्या कथेत प्रश्न असतो की हा आता या तळघरातून सुटतो कसा. पुढे सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद असे नायक उभे केले, गुरुनाथ नाईकांनी कितीतरी मालिका चालवल्या. या तिघांत फरक खूप आहे, पण तिघांच्याही कथा वेगावर आणि नायकावर चालतात. त्यांना विलायती दिवाणखान्यातल्या खुनाचं माप लावलं तर अन्याय होतो.

माझ्या पहिल्या सभासदांत एक आजी होत्या, सातवीत शाळा सुटलेली. पोळ्यांची ऑर्डर पुरी करून दुपारी यायच्या आणि काळापहाड मागायच्या. वर्षभरात त्या जाड कादंबऱ्यांकडे वळल्या, मग आत्मचरित्रांकडे. ती पातळ पुस्तकं नसती तर त्या माझ्या दारात आल्याच नसत्या. ही पुस्तकं ज्या कागदावर छापली तो कागद आता बोट लावलं की तुटतो. शिल्लक आहेत ती मी कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवते आणि घरी न देता इथेच बसून वाचायला देते. या पुस्तकांना हलकं म्हणून माळ्यावर टाकलं गेलं याचं मला खरंच वाईट वाटतं.

इथवरचं दोन वाक्यांत सांगायचं तर, पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्या तीस पानांत ठरवा की हे मला काय विचारतंय: कोणी केलं, कसं केलं, का केलं, की आता पुढे काय होणार. आणि शेवटाचा निकाल त्याच प्रश्नावर लावा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुम्ही रात्री अर्धा तास वाचता. म्हणजे चारशे पानांची कादंबरी तुम्हाला तीन आठवडे तरी पुरते. बासष्टाव्या पानावरचा चहाचा कप एक्क्याण्णवाव्या पानापर्यंत तुमच्या लक्षात कसा राहणार? दुव्यांची कादंबरी अशी तुकड्यांनी वाचली की दुवे गळून जातात आणि हाताशी राहतो फक्त तो सवयीचा अंदाज. माझे लोकलवाले सभासद जाता-येता दोन तास सलग वाचतात, त्यांना चौदा पात्रांचं कोडं चालतं. तुमच्यासारख्यांना मी पुढे काय होणार या जातीची कादंबरी देते, किंवा लघुकथा. शेरलॉक होम्सच्या छप्पन्न कथा आहेत आणि बहुतेक एका बैठकीत संपतात. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदाही तुम्हाला चालेल, त्याची एक कथा तर आपल्या वेरूळच्या लेण्यांत घडते. कोड्याची मोठी कादंबरी रविवारी दुपारी घ्या, एका दमात.

मनःस्थितीचंही तसंच आहे. मी नवीन असताना एका बाईंना, त्यांनी 'काहीतरी गुंतवून ठेवणारं द्या' म्हटल्यावर, त्या वेळची सगळ्यांत गाजलेली कादंबरी दिली. तिची सुरुवात एका भावाच्या अपघाती मृत्यूने होते. त्यांचा भाऊ महिन्यापूर्वीच गेला होता, हे मला नंतर कळलं. त्या परत आल्या नाहीत. तेव्हापासून मी पुस्तक देण्याआधी विचारते की काय वाचवणार नाही. लहान मुलांवरचे अत्याचार नको, इस्पितळ नको, असं लोक सरळ सांगतात. तुम्ही टाकलेल्या पुस्तकांत असं काही होतं का, हेही स्वतःला विचारून बघा. कधीकधी कंटाळा म्हणून जे वाटतं ते मन नको म्हणत असतं.

आणि अनुवाद. तुम्ही बरीच पुस्तकं मराठीतून वाचली म्हणता, तर याचा तुमच्या त्या सहा-सात बरोबर उत्तरांशी थेट संबंध असू शकतो. हल्लीच्या कादंबऱ्यांत मधूनमधून खुन्याची स्वतःची छोटी प्रकरणं असतात, नाव न सांगता, 'मी' म्हणून. इंग्रजीत तो 'मी' बाई आहे की पुरुष ते शेवटपर्यंत कळत नाही. मराठीत मात्र 'मी अंधारात उभा होतो' म्हटलं की सातातल्या तीन बायका एका फटक्यात सुटतात! 'उभी होते' म्हटलं तर चार पुरुष सुटले. अनुवादक जाणता असेल तर तो भाषेच्याच फटीतून वाट काढतो: 'मी दार उघडलं', 'मी वाट पाहिली', 'मी दिवा मालवला'. इथे क्रियापद कर्माच्या मागे जातं, कर्त्याचं लिंग झाकलेलं राहतं. अख्खं प्रकरण अशा वाक्यांत पेलणं फार अवघड आहे आणि जे ते पेलतात त्यांच्याबद्दल मला मोठा आदर आहे.

नात्यांचंही असंच. इंग्रजीतला 'अंकल' मराठीत काका करायचा की मामा? मृत्युपत्र आणि इस्टेट यांभोवती फिरणाऱ्या कथेत हा फरक सगळं सांगून टाकतो. मेहुणा, दीर, साडू या तिघांना इंग्रजीत एकच शब्द आहे. लेखकाने मुद्दाम धूसर ठेवलेलं नातं अनुवादात उजेडात येतं. तेव्हा काही वेळा खुनी तुम्ही ओळखलेला नसतो, मराठीच्या व्याकरणाने तुमच्या कानात सांगितलेलं असतं. अशा पुस्तकाचा दोष मूळ लेखकाला देऊ नका. शक्य असेल तिथे कोड्याची कादंबरी मूळ इंग्रजीतून वाचा, तुम्हाला जमतं असं तुम्हीच लिहिलंय.

आपल्या मातीतल्या नव्या थ्रिलरबद्दल तुम्ही विचारलंय, तिथे माझं मत थोडं कडक आहे. माझे एक सभासद पोलीस खात्यातून निवृत्त झालेत आणि गेली दहा वर्षं ते मला पुस्तकांतल्या चुका दाखवतात. सगळ्यांत मोठी चूक शेवटाची. विलायती पद्धतीने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवायचं, इन्स्पेक्टरने बोलत बोलत खुन्याला कोपऱ्यात गाठायचं, खुनी कोसळून सगळं कबूल करतो, समाप्त. पण आपल्याकडे पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ मध्ये आहे. ज्या क्षणी लेखक समाप्त लिहितो त्या क्षणी त्याच्या इन्स्पेक्टरच्या हातात काहीच नसतं.

मात्र याच कायद्यात एक फट आहे आणि तिच्यात कितीतरी कादंबऱ्या दडलेल्या आहेत. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढं बोलणं पुराव्यात धरलं जातं. म्हणून पोलीस पंच बोलावतात, आरोपी म्हणतो 'विळा मी विहिरीजवळच्या झुडपात टाकलाय, चला दाखवतो', त्याचं निवेदन लिहिलं जातं आणि सगळी वरात तिथे निघते. तो विळा आरोपीने दाखवला की पोलिसांना आधीच माहीत होता? पंच खरोखर तिथे होते की ठाण्यात बसून सह्या केल्या? अस्सल आपल्याकडची उत्कंठा या प्रश्नांत आहे. मराठी लेखकांनी तिकडे वळावं असं मला मनापासून वाटतं.

बारीक चुकाही आहेत. १ जुलै २०२४ नंतर घडलेल्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. तरी पुस्तकात २०२५ चा गुन्हा असतो आणि हवालदार 'तीनशे दोन' म्हणतो. बोलण्यात म्हणेलही, जिभेवर बसलंय, पण कागदावर लिहिणार नाही. किंवा शवविच्छेदन करणारे डॉक्टर सांगतात की मृत्यू रात्री दहा वीस ते दहा पस्तीसच्या दरम्यान झाला. इतकं नेमकं कुणी सांगू शकत नाही, आणि आपल्या उकाड्यात तर शरीर लवकर ताठरतं आणि लवकर सैलही पडतं, त्यामुळे अंदाज आणखी सैल ठेवावा लागतो. अशा चुका वाचकाच्या लक्षात आल्या नाहीत तरी कथेचा पाया भुसभुशीत होतो, कारण कोडं त्याच पंधरा मिनिटांवर रचलेलं असतं.

शेवट खरंच किती महत्त्वाचा, यावर एक प्रसंग सांगते. एकदा एका विक्रेत्याकडून आलेल्या थ्रिलरच्या प्रतीत शेवटचा फर्माच नव्हता, सोळा पानं गायब. चार महिने ते पुस्तक फिरलं. रजिस्टरप्रमाणे अकरा जणांनी नेलं. तक्रार घेऊन आले फक्त दोन. बाकीच्या नऊ जणांना मी नंतर विचारलं, तर बहुतेकांनी ते आधीच कुठेतरी सोडलं होतं आणि एकांना वाटलं होतं की शेवट असाच अर्धवट ठेवलाय. त्या लेखकाने सगळी मेहनत शेवटच्या कलाटणीवर घेतली होती आणि तिथवर माणसं पोचलीच नाहीत. याउलट आमच्याकडची एक कादंबरी आहे, तिचा शेवट मला आजही कच्चा वाटतो. तिची कड मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी मळलेली आहे, दोनदा बांधणी करून झाली. त्यातलं गाव, त्यातली म्हातारी, तिचा बेपत्ता मुलगा लोकांना पुन्हा भेटावंसं वाटतं. तेव्हा शेवट फसला म्हणून आधीची तीनशे पानं वाया गेली असं मी मानत नाही. पण त्या तीनशे पानांत स्वतःचं काही नसेल तर कुठलीही कलाटणी त्यांना वाचवत नाही.

तर तुम्हाला मी पुढचे दोन महिने असं सुचवीन. आधी नवं काही घेऊ नका. ज्यातला खुनी तुम्ही बरोबर ओळखलात असं एक पुस्तक काढा आणि रविवारी ते पुन्हा वाचा. खुनी ठाऊकच आहे, तेव्हा फक्त हे शोधा की लेखकाने पहिला खरा दुवा कितव्या पानावर ठेवलाय आणि तुमची नजर त्यावरून घसरावी म्हणून त्याच्या शेजारी काय मांडलंय. दुवा सापडला नाही तर ते पुस्तक तुमच्या कंटाळ्यालाच लायक होतं. सापडला तर पुढचं पुस्तक तुम्ही वेगळ्या तऱ्हेने वाचाल. त्यानंतर हिगाशिनो घ्या, आणि रात्रीच्या अर्ध्या तासाला होम्स किंवा फेलूदा ठेवा. अर्नाळकरांचं एखादं जुनं पुस्तक बघायचं असेल तर तुमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा. १८४० पासूनची संस्था आहे, तिथल्या माणसांना जुन्या पुस्तकांची कदर असेल.

आणि चिठ्ठी ठेवा. पान, नाव, कशावरून. दोन महिन्यांनी मला त्यातलं पान आणि 'कशावरून' एवढंच लिहून पाठवा. खुन्याचं नाव लिहू नका. आमच्याकडे एकाने बत्तिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने ते लिहून ठेवलं होतं. मी खोडरबर घेऊन बसले, पण पेन्सिल इतकी दाबून लिहिली होती की उजेडात धरलं की नाव अजून वाचता येतं, आणि ती प्रत मी कुणाला देऊ शकत नाही.